मामींचा चेहरा धरताना

डोळे मिटले की मला अंधार दिसतो. नुसता अंधार, दुसरं काही नाही. "गाव कसं डोळ्यांसमोर उभं राहिलं," असं लोक म्हणत, तेव्हा ती मला निव्वळ बोलण्याची पद्धत वाटायची. पोटात कावळे ओरडले म्हणून कोणी कावळे शोधायला जात नाही, तसंच हे. बायकोला एकदा सहज तसं म्हणालो, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. तिला म्हणे डोळे मिटून आमच्या लग्नाचा मांडव दिसतो, आणि त्यात घामाघूम झालेला मीही दिसतो.

नोकरीत यानं काही अडलं नाही. मी बोईसरच्या एका कापड रंगवणाऱ्या कंपनीत रंग जुळवायला आहे. नमुन्याचा तुकडा आणि नवा रंगवलेला तुकडा दिव्याखाली शेजारी शेजारी ठेवायचे आणि फरक सांगायचा. तो मला चटकन कळतो. नमुना नजरेआड झाला की रंगही गेला, पण नमुना कोणी उचलून नेत नाही. जवळच्याच सालवड गावातल्या दोन खोल्यांत आमचं बरं चाललं होतं.

माझं गाव साताऱ्याकडे. बायको चिंचणीची, मासेमारी करणाऱ्या घरातली. सुट्टीला आम्ही तिच्या माहेरी जातो. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, सासूबाईंना मामी. मामांचा उभा जन्म बोटीवर गेला आणि मग काचबिंदूनं त्यांची दृष्टी हळूहळू नेली. तरी ते कधी केविलवाणे वाटले नाहीत. ओट्यावर बसून मनातल्या मनात अख्खा किनारा फिरून यायचे, आणि फिरून आले की वाटेत काय काय दिसलं ते सांगायचे.

एका रविवारी मामी आणि बायको मागच्या दारी सुके बोंबील आवरत होत्या. मामांनी मला जवळ बोलावलं आणि आवाज खाली आणला.

"जावईबापू, तुमच्या मामीचा चेहरा सुटाया लागलाय. नाक येतं तर डोळे जातात. आता कशी दिसते, तेवढं सांगा."

"हात लावून बघा की, मामा."

"हाताला सुरकुत्या लागतात. चेहरा नाय लागत."

"मग लेकीला विचारा."

"लेकीला आपली आय म्हातारी झालेली दिसते कुठं? ती मला बरं वाटेल ते सांगेल. तुमी रंगातला फरक ओळखणारी माणसं. तुमी खरं सांगाल."

आमच्याकडे जावई सासूच्या तोंडाकडे बघत नाही. मान खाली घालून जेवतो आणि पुरे म्हणायलाही हातच आडवा करतो. आणि मामी? बाजारात मासळीची पाटी घेऊन बसल्या की भल्याभल्यांची बोलती बंद करणारी ही बाई. पण लग्नात कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की घाटावरच्या जावयापुढे सासू उघड्या तोंडानं येत नाही. तेव्हापासून मला वाढताना त्या पदर पार नाकापर्यंत ओढून घेत. पदर ही त्यांच्याकडची रीत असेल असं मी समजत होतो, आणि मला तो हवाच आहे असं त्या. दोघांनी एकमेकांचा मान राखता राखता इतकी वर्षं गेली, आणि मला मामींचे फक्त हात माहीत होते.

मामांना मी ते सांगितलं. डोळे मिटल्यावर मला काहीच दिसत नाही, हेही सांगितलं. मला वाटलं हिरमुसतील, पण ते खदखदून हसले.

"म्हंजे मी डोळे जाऊन आंधळा आन तुमी डोळे असून. बरी जोडी जमली!"

मग गंभीर झाले. म्हणाले, "समुद्रात जाळं टाकायची जागा कशी गवसते? पाण्यावर काय खूण नसते. किनाऱ्याकडं बघायचं. पुढचा एक ताड धरायचा. मागचं वीज केंद्राचं धुरांडं त्याच्या शेंड्यावर आलं, की आपण बरोबर रेषेत. अख्खा किनारा एकदम बघाया जाल तर हाती काय लागणार नाय. आदी एक खूण धरा. ती ठरली की दुसरी तिच्यावर आणा."

मी कंपनीच्या बसमध्ये सराव सुरू केला. आधी चहाचा स्टीलचा पेला घेतला. पेला नाही, नुसती त्याची कड. किती तरी दिवस अंधाराशिवाय काही आलं नाही. मग एकदा कडेवरचा पोचा आला, आला आणि गेला. पुढे बायकोच्या चपलेचा अंगठ्याजवळ झिजलेला पट्टा आला, तो चांगला पुढच्या वळणापर्यंत टिकला. मला इतका आनंद झाला की शेजारच्याला सांगणार होतो. पण काय सांगणार, की मला चप्पल दिसली? बायको म्हणाली, "बसमध्ये झोपता, असं सरळ सांगा ना."

मग एका रविवारी चिंचणीला जेवताना मी मान वर केली. मामींनी झटकन पदर ओढला.

"काय झालं? कालवणात मीठ नाय का?"

बायकोनं सगळं सांगून टाकलं. मामी चिडल्या. "माझं तोंड काय बघायचं आता? दात गेले, गाल बसले. त्यांच्याकडं माझा चांगला चेहरा हाय, तोच राहू द्या."

"तोच सुटत चाललाय, मामी," मी म्हणालो. "हा नाही दिला तर त्यांच्याकडे कुठलाच उरणार नाही."

भांडी आवरल्यावर मामी ओट्यावर आल्या आणि मामांच्या शेजारी बसल्या. पदर खांद्यावर होता.

"बघा काय बघायचं ते. लवकर. मला कामं हायत."

मी बघितलं. कानशिलं तापली होती, तरी बघितलं. सांगायला सुरुवात करणार तोच मामांनी अडवलं. "बघून नका सांगू. डोळे मिटा. तुमाला धरता आला तरच मला धरता येईल."

मी डोळे मिटले. नेहमीचाच अंधार.

"डाव्या भुवईत कापल्याची एक खूण आहे," मी चाचपडत म्हणालो.

"हाय. बोटीची दोरी लागली होती."

"तुमच्याच हातून सुटलेली," मामींचा आवाज आला.

ती खूण मी घट्ट धरली आणि खाली उतरलो. "तिच्या बरोबर खाली गालात खळगा पडलाय. तिथले दात गेलेत. ओठ त्या बाजूला जरासा ओढला गेलाय."

"खळगा," मामा पुटपुटले. "हा मला नवा."

वर खूण, खाली खळगा. दोन्ही एका रेषेत आले, आणि मी काही न करताच मधला डोळा आला, मग दुसरा, मग कपाळ. आयुष्यात पहिल्यांदा मिटल्या डोळ्यांपुढे मला कोणाचा तरी चेहरा दिसत होता.

"मामा, आल्या! हसतायत."

डोळे उघडले तर मामी हसत नव्हत्या. पदराचं टोक डोळ्यांना लावून बसल्या होत्या. मी ओशाळलो. मला वाटलं, सगळं चुकलं. पण मामा ताठ बसले होते, पापण्या मिटलेल्या.

"हसतेच हाय," ते म्हणाले. "एका बाजूनं."

मामींनी नाक ओढलं. "दात गेल्याचं नीट सांगितलंत ना त्यांना?"

"सांगितलं," मामाच म्हणाले. "सगळं सांगितलं. तू गप बस. हलू नको, सुटशील."