वन्संच्या शेजारची सीट

मुलानं युरोपच्या टूरची दोन तिकिटं आणून समोर ठेवली, तेव्हा त्यातलं एक माझं आहे हे मला लगेच पटलं. दुसरं त्याच्या आत्याचं आहे म्हटल्यावर मात्र मी हातातली कपबशी खाली ठेवली.

त्याची आत्या म्हणजे माझ्या नवऱ्याची सख्खी बहीण, माझ्या वन्सं. अवसरी खुर्दला दिलेल्या. तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या पोरांसाठी त्यांनी वीस वर्षं खानावळ चालवली. आमच्या राजुरीपासून गाडीनं तासाभराचं अंतर, पण माझे यजमान गेले त्याला चार वर्षं झाली आणि तेव्हापासून त्यांचं येणं जवळजवळ थांबलं. भाऊच नाही तर भाऊबीज कुणाला करायची? त्या चार वर्षांत माझ्या मुलानं आत्याला आपणहून फोन केल्याचं मला आठवत नाही. आणि आता एकदम पॅरिस?

"तुला सोबत नको का?" तो म्हणाला. "अन् आत्यानं तरी जन्मात काय बघितलंय?"

बालवाडीत पंचवीस वर्षं पोरं सांभाळली आहेत मी. एखादं पोर न मागता खाऊ वाटायला लागलं, की त्याचं दप्तर उघडून बघावं लागतं, एवढं मला कळतं.

दप्तरातलं काय ते विमानतळावर बाहेर आलं. वन्सं रांगेत उभ्या होत्या आणि मुलानं मला ढकलगाड्यांच्या बाजूला नेलं. "आई, तिकडं रोज सहा-सहा, सात-सात तास बसमध्ये बसायचंय. वेळच वेळ आहे. आत्याकडे हक्कसोडाचं बोलून ठेव. तू आल्यावर कागद मी करून घेतो."

हक्कसोड म्हणजे बहिणीनं वडिलांच्या जमिनीतला आपला वाटा भावाकडे सोडून दिल्याचा कागद. आमच्या कालव्याखालच्या जमिनीच्या सात-बाऱ्यावर वन्संचं नाव होतं, आणि इतकी वर्षं ते कुणाला खुपलं नव्हतं. आता मुलाला तिथं कांद्याची मोठी वखार बांधायची होती आणि त्यासाठी जमीन एकट्याच्या नावावर हवी होती. मी त्याला हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. माझं माहेर बेल्ह्याचं. माझ्या भावांनी मागितली तेव्हा मी एका साडीवर सही करून मोकळी झाले होते. मग ह्यांना काय अडचण आहे, असं माझ्या मनात येत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

पॅरिसला बस हॉटेलच्या दाराशी आली. आपल्या एसटीपेक्षा कितीतरी उंच. टूर मॅनेजर पुण्याची होती, तिशीतली, गळ्यात शिट्टी अडकवलेली. तिनं पहिल्याच दिवशी नियम सांगितले. रोज दोन रांगा मागं सरकायचं, म्हणजे पुढची सीट सगळ्यांना मिळेल. बसमधला संडास अगदी जिवावर बेतल्याशिवाय वापरायचा नाही. दर दोन तासांनी थांबा. चिवडा सांडायचा नाही.

आम्ही दोघी आमच्या सीटपाशी आलो तर वन्सं बाजूला सरकल्या. "वैनी, तुमी खिडकीत बसा."

"अहो, तुमी बसा की. मोठ्या तुमी."

"बसा म्हनते ना."

मी बसले. बसले आणि मनात पहिला खडा पडला. या बाईनं आयुष्यात कुणाला पहिली पंगत सोडली नव्हती, ती मला खिडकी कशी देते? दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी बेल्जियम संपून हॉलंड लागलं, तरी खिडकी माझीच. बरं, त्यांचं बाहेर लक्षही नसे. मांडीवर एक तपकिरी रेक्झिनची पर्स, दोन्ही हात तिच्यावर. सगळ्यांच्या पिशव्या वरच्या फळीवर, ह्यांची पर्स मात्र खाली. मी एकदा म्हटलं, "द्या, वर ठेवते." तर ती पोटाशी अशी ओढली, की पुढच्या सीटवरचे गृहस्थ वळून बघायला लागले.

त्या पर्समध्ये सात-बारा आहे, असं मी हॉलंडमध्येच ठरवून टाकलं. ह्या वाटा मागायला आल्या आहेत. म्हणून ही खिडकी, म्हणून हा गोडवा.

बसमधले ते तास कसे काढायचे हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. दोन दिवसांत माझे पाय असे सुजले की बूट चढेनात. संडासाच्या भीतीनं मी पाणीच पीत नव्हते, त्यानं डोकं धरलं. एसीचा झोत बरोबर मानेवर. मागं भेंड्या रंगायच्या, पुढं एक काका प्रत्येक पवनचक्कीचा व्हिडिओ काढायचे, आणि मी आपली मनात वाक्य जुळवत बसायची. वन्सं, एक बोलायचं होतं. वन्सं, पोरगं म्हणत होतं. घसा खाकरायचा अवकाश, की वन्सं डोळे मिटायच्या. झोप लागलेल्या माणसाची मान कलते. ह्यांची ताठ असायची.

चौथ्या दिवशी जर्मनीत शिरल्यावर त्यांचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं.

"वैनी, पाय बगा कसं झालंत. भाकरीवानी फुगलंत. पानी पीत न्हाई ना तुमी?"

"पिते की."

"खोटं. मी बगतीय. घोट घोट प्या. एकदम नका पिऊ. अन् टाचा वर-खाली करा, अशा. खानावळीत मी धा-धा तास उभी राह्यलीय, पायाचं मला सांगू नका." आणि खाली वाकून त्यांनी माझी मोज्यातली पावलं ओढून आपल्या मांडीवर घेतली, पर्सच्या शेजारी, आणि अंगठ्यानं तळवे दाबायला लागल्या.

भर बसमध्ये. त्यांची मोठी पावलं फुगलेल्या स्पोर्ट्स शूजमध्ये, वर नऊवारीचा काठ, आणि मी सलवार-कमीजमध्ये अंग चोरून बसलेली. बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? पण बरं वाटता वाटता मी मनात म्हणत होते, म्हणजे आता मागणार.

मागितलं काहीच नाही. मी डब्यातला रव्याचा लाडू पुढं केला, तर "नको" म्हणाल्या. रोज नको. माझ्या हातचा लाडू कधी न सोडणारी बाई. माझ्या हातचं खायचं नाही असं ठरवून आल्या आहेत का, हेही मनात येऊन गेलं. प्रत्येक थांब्यावर त्या पेट्रोल पंपाच्या कडेला जाऊन फोन लावायच्या आणि मी जवळ गेले की, "बरं, ठेवते," म्हणून बंद करायच्या. एकदा मागून गेले तेव्हा एवढंच कानावर पडलं, "न्हाई, अजून काय बोल्ली न्हाई ती."

ती म्हणजे मीच. मग मीही तोंड घट्ट मिटलं. पुढचा अख्खा दिवस आम्ही हवेवर आणि मॅनेजरबाईंच्या शिट्टीवर बोललो.

स्वित्झर्लंडमधून इटलीकडं निघालो तो दिवस. रस्ता डोंगरांतून, एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला खाली नदी, आणि आमची खिडकी नदीच्या बाजूला. सगळी बस उभी राहून फोटो काढत होती. मी वळून म्हणणार होते की वन्सं, बघा तरी, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी रुतली. डोळे गच्च मिटलेले, ओठ पांढरे, कपाळावर घाम.

"काय व्हतंय वन्सं? थांबवू का गाडी?"

"नको. खाली दिसतंय का अजून?"

"काय?"

"दरी."

मी पडदा ओढून घेतला. काचेच्या कडेला दिवसभर लोंबणारा तो निळा पडदा, त्याचा पहिला उपयोग तेव्हा झाला. वन्संनी चाचपडत पर्सची चेन उघडली. माझी नजर आधी पर्सच्या आत गेली, हे मला सांगितलंच पाहिजे. आत ओव्याची पुडी होती, आवळा सुपारी होती, एक लिंबू होतं आणि घडी घालून ठेवलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांचा गठ्ठा होता. त्यातली एक त्यांनी तोंडाशी धरली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. रिकाम्या पोटी नुसतं पाणी पडलं.

"मला गाडी लागती," पिशवीला गाठ मारत त्या म्हणाल्या. "ल्हानपनापास्नं. काल माळशेज उतरताना बी मी डोळं उगडलं न्हाईत." काल म्हणजे आठ दिवसांपूर्वी, विमानतळाकडं जाताना, पण मी काही दुरुस्ती केली नाही.

"म्हणून लाडू खात नव्हता?"

"खाल्ला तर तुमच्याच अंगावर यायचा."

तेवढ्यात बस बोगद्यात शिरली. मॅनेजरबाई माइकवर म्हणाल्या, बोगदा लांब आहे, पाव तास तरी लागेल. पिवळे दिवे एकामागून एक काचेवरून सरकायला लागले. वन्संनी डोळे उघडले, पदरानं तोंड पुसलं आणि सरळ माझ्याकडं बघून विचारलं, "कागद कुठंय?"

"कुठला?"

"सहीचा. इतं दरी दिसंना झालीय, तंवर माजं डोकं ठिकान्यावर हाय. काय इचारायचं ते आत्ता इचारा."

"कागद नाय आणला," मी म्हटलं. "पण बोलायला सांगितलं व्हतं."

"मला पयल्या दिसापास्नं ठावं हाय. आत्याला इमानानं फुकट कोन नेतंय? माजी सून तर रोज फोनवर तेच इचारती, सही केली न्हाई ना म्हनून."

"मग आलात कशाला?"

"म्हनलं, बगू तरी. अन् तुमी किती दिस गप बसताय ते बी बगायचं व्हतं." त्या थोडं हसल्या, मग हसू गेलं. "वैनी, मी सही करनार न्हाई. आत्ताच सांगते. मला जमीन कसायची न्हाई, इकायची न्हाई. पोरानं खुशाल वखार बांधावी, मी आडवी येनार न्हाई. पन नाव ऱ्हाऊ द्या. माज्या जावंनं सही दिली. त्या वर्सापास्नं तिला माहेरी च्या पाजून माघारी लावत्यात. मुक्कामाला ऱ्हा म्हनून कोन म्हनत न्हाई."

बेल्ह्याला आमच्या घरी मला चहा मिळतो, चांगला आलं घालून मिळतो. सही दिल्यापासून तिथं रात्र काढल्याचं मला आठवेना. हे मी आधी कधी मोजून पाहिलं नव्हतं. मी ते वन्संना सांगितलं. बोगदा संपेपर्यंत आम्ही दोघी समोरच्या सीटच्या पाठीकडं बघत बसलो, आणि उजेड आला तशी मी पडदा पुन्हा नीट ओढून घेतला.

इटलीतले उरलेले तास सोपे गेले. वन्संनी लाडू नाहीच खाल्ला, पण लिंबू हुंगत मला त्या खानावळीतल्या पोरांच्या गमती सांगत होत्या. मॅनेजरबाईंना सांगून आम्ही ड्रायव्हरच्या मागच्या दोन सीटा मागून घेतल्या. तिथं धक्के कमी बसतात आणि समोरचा रस्ता बघत राहिलं की मळमळत नाही. हे पहिल्या दिवशी बोललो असतो तर आठ दिवस वाचले असते.

परतल्यावर वन्सं अजून बाहेर पिशव्या मोजत होत्या, तोवर गाडीत बसता बसता मुलानं विचारलं, "बोललीस?"

"बोलले. नाही म्हणाल्या. वखार बांध म्हणाल्या, नाव राहू दे म्हणाल्या."

त्यानं आरशातून माझ्याकडं पाहिलं. "तू विचारलंच नसशील," तो म्हणाला. आजही त्याला तसंच वाटतं. तिकडं अवसरीत सुनेचा उलटा संशय. सासूनं सही दिलीच असणार म्हणून तिनं पर्स पालथी केली, हे वन्संनीच मला फोनवर सांगितलं. आता आम्ही आठवड्याला बोलतो.

मागच्या महिन्यात त्या राजुरीला आल्या, चार दिवस राहिल्या. एका सकाळी त्या एकट्याच कालव्याखालच्या वावरात गेल्या आणि बांधाबांधानं चालत पार टोकापर्यंत जाऊन उभ्या राहिल्या. मी घरापुढच्या ओट्यावर मेथी निवडत होते, तिथून ते वावर दिसतं. त्या परत वळेपर्यंत त्या कुठल्या बाजूला बघताहेत, हे मी मान उंच करकरून बघत होते. मनातलं सगळं गेलं असं मी म्हणत नाही. त्या आल्या तेव्हा मी विचारलं, "काय बगत व्हता एवढं?"

"कांदा बरा आलाय," म्हणाल्या, आणि मेथीची दुसरी जुडी ओढून निवडायला बसल्या.