बेसिनचं झाकण

नव्या बेसिनच्या भोकात प्लंबरने निचऱ्याची नळी बसवली, खालून नट आवळला आणि पाणी काठोकाठ भरून गळती तपासली. नळीच्या तोंडाला दाबलं की बंद होणारं चकचकीत झाकण होतं. आई म्हणाली, "साचलेल्या पाण्यात तोंड कोण धुणार?"

खरंय. आपल्याला पाणी वाहतंच लागतं. हातावरून गेलं ते गेलं, त्याच्याकडे वळून बघायचं नाही.

काल मात्र आईने आधी झाकण दाबलं, मग नळ सोडला. मी हसून विचारलं, "आता चालतं वाटतं साचलेलं पाणी?"

"बोटं बारीक झालीत रे. लग्नातली अंगठी साबणाने निसटते."

तोंड धुऊन झाल्यावर तिने अंगठी चाचपली आणि मगच झाकण उघडलं.