आप्पांच्या दातांवरची पांढरी रेघ

दात किडायला लागतो तेव्हा आधी काळा पडत नाही, पांढरा पडतो. हे सांगितलं की माझ्या खुर्चीत बसलेला पेशंट हमखास माझ्याकडे संशयाने बघतो. पांढरा दात म्हणजे चांगला दात, अशी सगळ्यांची समजूत. पण हा पांढरा निराळा. खडूसारखा, चमक गेलेला. वरचं कवच शाबूत असतं, खड्डा नसतो, ठणका नसतो. आतले क्षार मात्र निघून जायला लागलेले असतात. थुंकीने दात ओला असला की काही कळत नाही. हवेचा फवारा मारून कोरडा केला की हिरडीच्या कडेने रेघ दिसते. इथे सापडला तर दात पुन्हा घट्ट होऊ शकतो, ड्रिल लागत नाही. फक्त टोकदार सुईने टोकरायचं नाही. कवच फुटलं की मग खड्डा पडतोच.

ही रेघ मी माझ्या वडिलांच्या दातांवर पाहिली. फेब्रुवारी होता, आईला जाऊन सहा महिने झाले होते.

आप्पा दिंडोरीच्या पुढे गावात एकटेच राहायचे. मी त्यांची एकुलती एक, नाशकात दवाखाना. चला माझ्याकडे म्हटलं की बागेचं कारण पुढे. पंचाहत्तरी आली तरी एकही दात भरलेला नव्हता आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! चहासुद्धा बिनसाखरेचा. द्राक्षं चाखण्यातच वर्षाची गोडी होते, म्हणायचे. माल उतरवायच्या दिवसांत ओळीओळीने मणी तोंडात टाकत फिरायचे. गोडी मोजायचं यंत्र व्यापारी घेऊन यायचा, पण आप्पांचा भरवसा स्वतःच्या जिभेवर.

म्हणून मी सगळं खापर द्राक्षांवर फोडलं.

"दिवसभरात किती मणी खाता आप्पा?"

"यंदा चाखलेच नाय गं. व्यापाऱ्याच्या पोरांनी यंत्रावरच बघितलं."

"मग ही रेघ काय आभाळातून पडली?"

मी फ्लोराइडची पेस्ट त्यांच्या पिशवीत कोंबली. आपल्याच वडिलांनी आपल्याशी खोटं बोलावं, याचा मला राग आला होता.

पुढच्या रविवारी न कळवता गावी गेले. अकरा वाजून गेले होते. आप्पा पलंगावर बसले होते आणि हातात आईचा कप होता, निळ्या फुलांचा, कानाजवळ टवका उडालेला. त्यात गार होऊन साय धरलेला चहा. त्यांनी एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि कप परत आईच्या फोटोसमोर ठेवला.

"हे काय?"

"तुझ्या आईचा हाय. सकाळी माझ्यासंगं तिचा बी टाकतो. तीन चमचे साखर, तिला लागायची तशी. तिच्यापुढं ठेवतो अन् मग मीच पितो. ओतून कसा द्यायचा? तिनं कधी थेंबभर चहा वाया जाऊ दिला का?"

इतका गोड चहा त्यांच्या घशाखाली एकदम उतरत नव्हता. म्हणून घोट घोट करत दुपारपर्यंत पुरवायचे. दाताला साखर किती लागली यापेक्षा किती वेळा लागली, हे जास्त वाईट. सगळा उलगडा झाला. आणि मी भडकले.

"बंद करा हे सगळं. ती काही चहा प्यायला परत येणार नाहीये!"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. सदऱ्याच्या बाहीने फोटोची काच पुसली आणि म्हणाले, "बरं."

गोड खायचं तर एकदम खाऊन टाका आणि लगेच चूळ भरा, हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा पेशंटना सांगते. शाळेतल्या पोरांना सांगते. त्या दिवशी आप्पांना एवढंच सांगायचं होतं. त्यांनी आनंदाने ऐकलं असतं, चहाही राहिला असता आणि दातही. पण तो भरलेला कप मला बघवला नाही. आई गेल्यापासून मी एकदाही धड रडले नव्हते. ते सगळं मी त्या म्हाताऱ्या माणसावर काढलं.

आईच्या वर्षश्राद्धानंतर आप्पा तपासणीला आले. दात कोरडे केले. खडूसारखा रंग जाऊन चमक आली होती. मी हरखले. "बघा, डॉक्टरचं ऐकलं की कसं होतं!" मोबाइलवर फोटो काढला, दवाखान्यातल्या मुलींना दाखवला. आप्पा कसनुसं हसले. सदरा त्यांच्या खांद्यावर लोंबत होता, गाल आत गेले होते. मला फक्त दात दिसले.

ऑक्टोबरात बागेची छाटणी सुरू होती. सकाळी मजूर कात्र्या मागायला आले, तर आप्पा पलंगावर भिंतीला टेकून बसलेले. हाक मारली तर ओ नाही. शेजारच्या काकूने फोन केला. मी पोचले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पलंगाजवळच्या स्टुलावर त्यांचा बिनसाखरेचा चहा होता, अर्धा कप. आणि आईचा फोटो भिंतीकडे तोंड करून ठेवलेला.

मी तिथेही आवाज चढवलाच. "हा फोटो कोणी फिरवला?"

काकू माझा हात धरून म्हणाली, "कोणी नाय गं. भाऊजीच फिरवायचे, रोज चहाच्या टायमाला. आक्काचा चहा तू बंद केला ना. तिच्यादेखत एकट्यानं प्यायची लाज वाटती म्हणायचे. चहा झाला की परत सरळ करायचे."

त्या दिवशी त्यांचा चहा व्हायचा होता. फोटो मग मीच सरळ केला.