कुंदाताईंचे मूळ आकडे

सकाळी धरमपेठेत भाजी घेत होतो, तेव्हा कुंदाताईंच्या मुलीचा, रेणूचा फोन आला. "काका, आई गेली..." मी तिथेच एका दुकानाच्या पायरीवर बसलो. त्याला पाच आठवडे झाले. रडू तेव्हा आलं नाही, अजूनही येत नाही. का, ते आज लिहितो आहे.

पाणीपातळी मोजणाऱ्या एका कार्यालयात आम्ही वीस वर्षं एका खोलीत बसलो. कुंदाताई उमरेडच्या विणकर घरातल्या. रामटेककडच्या विहिरींत टेप सोडून पाणी किती खोल गेलं ते स्वतः मोजायच्या आणि परतल्यावर जुन्या कम्प्युटरवर उतरवायच्या. अहवालात फक्त सरासरी जायची. "सरासरी कोणी बी काढंल गा," त्या म्हणायच्या, "पण मूळ आकडा गेला, तर त्या दिवशीचं पाणी कोणाले विचारशीन?"

मी निवृत्त झालो आणि वर्षभरात त्या कम्प्युटरची डिस्क खराब होऊ लागली. पन्नाशी उलटलेल्या कुंदाताईंनी तिच्यावरचे आकडे वाचवायला शिकून एक स्क्रिप्ट लिहिली, जेमतेम दहा-बारा ओळींची, कुठल्याही मशीनवर चालणारी. एका फाइलमधून तुकडा उचलायचा, दुसरीत जसाच्या तसा ठेवायचा. वाचता नाही आला तर तेवढी जागा रिकामी सोडून पुढे जायचं. ती चालवण्याआधीच कॅन्सर निघाला. दवाखान्यात त्यांनी ती स्क्रिप्ट असलेला पेन ड्राइव्ह माझ्या मुठीत दाबला. "मशीन मरून राहिली. उद्याच जा गा."

मी गेलो नाही. उद्या पाहुणे होते, परवा बँकेचं काम... अकराव्या दिवशी गेलो, तर टेबल रिकामं. जुनं सामान भंगारात निघालं होतं. दोन दिवस भंगारवाले पालथे घातले. काही सापडलं नाही.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. त्यांनी डोळे उघडले.

"झालं काय गा?"

"झालं."

"पुरं आलं?"

"पुरं. एक बी जागा रिकामी नाही."

त्या हसल्या. पुष्कळ दिवसांनी हसल्या, असं रेणू नंतर म्हणाली.

तेरवीनंतर रेणू कोरी डिस्क घेऊन घरी आली. "आई शेवटपर्यंत सांगत होती, सगळं काकाजवळ आहे. मले एक कॉपी करून द्याल?" मी डिस्क घेतली. "देतो," म्हणालो. परवा तिचा फोन आला, घाई नाही म्हणाली.

रेणू, डिस्क माझ्या टेबलावर आहे. घेऊन जा. तिच्यात काहीच नाही.