मेलेल्या पॅनलचा निळा

पहिलंच सांगते, अंगात आलेल्या बाईला पाणी पाजून घरी पाठवणारी मी आहे. विश्रांतवाडीचं आमचं बौद्ध घर. नवस, अंगारे-धुपारे आजोबांनीच उंबऱ्याबाहेर काढले. त्यात मी फिजिक्सवाली. तरीही लिहितेय... कारण ते मनातून जात नाही.

खराडीत एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमची लॅब आहे. शेख सर आणि मी, दोघंच. सर ओएलईडी डिस्प्ले बनवतात — सेंद्रिय पदार्थाचे पातळ थर, करंट दिला की स्वतःच उजळणारे. हवा लागली की ते मरतात, म्हणून सगळं काम नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत चालतं. त्यातही निळा रंग सगळ्यांत आधी मरतो. सर अकरा वर्षं या निळ्याच्याच मागे लागलेत. त्यांनी बनवलेला पहिला पॅनल, तळहाताएवढा, केव्हाच मेलेला, माझ्या टेबलावर कागद दाबायला असतो. वायरीसुद्धा तोडलेल्या.

आतल्या खोलीत ऑक्सिजन कमी झाला की वाजणारा अलार्म आहे. तो उगाचच कोकलायचा. दर वेळी काम थांबायचं, सर वैतागायचे, "याला कुणीतरी गप्प करा हो!" शेवटी मी त्याचा आवाज बंद केला. चूक माझीच.

त्या मंगळवारी दुपारी चहा झाल्यावर सर आत काचपेटीपाशी कामाला बसले. दार बंद. मी बाहेर रीडिंग्ज टाइप करत होते. आणि कागदांवरचा तो पॅनल लागला.

निळा... इतका स्वच्छ निळा आमच्या एकाही सॅम्पलला कधी आला नव्हता. उचलून पाहिला. खाली काही नाही, आणि गार लागत होता. घाबरायला हवं होतं. पण खरं सांगू? आधी आनंदच झाला.

"सर! अहो सर, बाहेर या, निळा लागलाय!"

सर हाकेला ओ देत नाहीत हे नवीन नव्हतं, पण "ओरडू नकोस" हेही आलं नाही. मी दार उघडलं. सर स्टुलावरून खाली घसरलेले, ओठ काळेनिळे... मागे नायट्रोजनची नळी निसटून फुसफुसत होती. या वायूला वास नसतो, गुदमरल्यासारखंही वाटत नाही; माणूस नुसता मिटतो. श्वास रोखून, काखेत हात घालून मी त्यांना ओढत बाहेर आणलं. छाती दाबत होते आणि मोठ्याने रडत होते. बऱ्याच वेळाने सर खोकले.

वळून पाहिलं तर पॅनल काळाठिक्कर.

नंतर तो मी तीनदा तपासला. आतले थर पार खलास. नव्या वायरी जोडून करंट दिला तरी ठिणगी नाही. माझ्या टेबलावर ऊनही येत नाही.

हॉस्पिटलमध्ये सरांना सगळं सांगितलं, अलार्मचंही.

"अलार्म आजच्या आज सुरू कर," ते म्हणाले. "आणि एकदाच आलेलं रीडिंग मी धरत नाही. तो निळा पुन्हा लावून दाखव."

मी तिथेच हात जोडले. "नको सर. पुन्हा नको."