गोड पाण्याची बाटली

समोरच्या घरातले प्राध्यापक परभणीच्या एका कॉलेजात उंदरांना छळतात. माणसाच्या मनाचं औषध शोधायचं म्हणून! पिंजरा तिरपा करायचा, खालचा भुसा ओला करायचा आणि मग दोन बाटल्या लावायच्या, एक साध्या पाण्याची, एक साखरेच्या पाण्याची. "मन खचलेला उंदीर गोडाकडं वळत न्हाई," हे त्यांनीच मला सांगितलेलं. बोलताना ते डोळ्यांत बघत नाहीत, हाताकडे बघतात.

माझी बायको वारली तेव्हापासून ते रोज सकाळी चहा घेऊन येतात. एरवी रस्त्यात भेटले तरी मान हलवून सटकणारा माणूस! मी पिताना टक लावून बसतात आणि विचारतात, "गोड झालाय का, गुरुजी?" संशय येणारच. मी काय यांच्या पिंजऱ्यातला उंदीर आहे?

काल ठरवलं, यांना काही सापडू द्यायचं नाही. कप एका दमात संपवला, मिशा पुसल्या आणि म्हणालो, "वा! लय गोड."

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"आज साखर घातलीच न्हाई, गुरुजी," ते म्हणाले. "उंदीर तरी खरं सांगतो."