माफीचा व्हिडिओ

“हात जोड. अजून वर. चेहरा दिसू दे.”

मेहकरातल्या कृषी केंद्रात, काउंटरसमोर मी हात जोडून उभी होते. मालक खुर्चीत बसूनच मोबाइलवर शूटिंग करत होता. बियाणं घ्यायला आलेली माणसं बघत होती, त्यात आमच्या गावचे दोघं. नवरा दाराशी, मान खाली. मालकानं दिलेला कागद मी वाचला. मी अडाणी बाई आहे, मला शेतीतलं कळत नाही, मी खोटं लिहिलं, माफ करा. दोनदा वाचायला लावला. पहिल्यांदा आवाज बारीक निघाला म्हणे.

मला शेतीतलं कळत नाही! घरामागच्या शेडनेटमध्ये मी मिरची-वांग्याची रोपं करते आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर विकते. ग्रुपवर एक रीत मीच पाडली. पाकीट फोडायच्या आधी लॉट नंबरसकट त्याचा फोटो टाकायचा. मग दहाव्या दिवशी ट्रेचा फोटो. गिऱ्हाइकानं डोळ्यांनी बघावं, मग रोपं सांगावीत. माझा धंदा त्या विश्वासावर चालतो.

यंदा एका पाकिटातली मिरची उगवलीच नाही. अर्ध्याहून जास्त ट्रे रिकामा. दुकानात सांगायला गेले तर मालक म्हणाला, पाणी जास्त झालं असेल. त्याच पाण्यावर शेजारच्या ट्रेमधली दुसरी मिरची तरारली होती. मी दोन्ही फोटो ग्रुपवर टाकले आणि लिहिलं, या लॉटचं बियाणं पेरू नका, पेरलं असेल तर पाकीट आणि बिल जपून ठेवा. शिवी नाही, दुकानाचं नावही नाही. पण ते बियाणं तालुक्यात त्या एकट्याकडेच मिळतं.

तिसऱ्या दिवशी मोबाइलवर मालकाच्या वकिलाची नोटीस आली. बदनामी, आयटी कायद्याचं कलम ६६ अ, तीन वर्षं कैद. घरात रडारड सुरू झाली. नवरा म्हणाला, माफी माग आणि मोकळी हो, आपलं काय जातं? काय गेलं ते संध्याकाळी दिसलं. व्हिडिओ तालुकाभर फिरला. लेकीच्या शाळेच्या ग्रुपवरसुद्धा. बचत गटातल्या बायांनीही तो बघितला. लाजेनं मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. आज त्या आठ दिवसांचा मला राग येतो.

मग मालकानं पुन्हा बोलावलं. समोर स्टँपपेपर ठेवला. ग्रुप बंद करीन, जुने मेसेज आणि फोटो पुसून टाकीन, पुन्हा कधी लिहिणार नाही. खाली सही.

माझ्या डोक्यात तिथं उजेड पडला. याची अब्रू तर माझ्या माफीनं परत आली होती. मग फोटो कशाला पुसायचे? कारण त्यांत लॉट नंबर होते. ज्यांची ज्यांची मिरची उगवली नाही, ते उद्या भरपाई मागणार, आणि पुरावा माझ्या ग्रुपवर पडून होता. माझी माफी म्हणजे नुसतं तोंडी लावणं होतं.

“मी सही नाही करत,” मी म्हणाले.

“काऊन?”

“आधी कायदा वाचतो, मंग पाहू.”

तो हसला. “तू कायदा वाचशीन? जाय, रोपाले पाणी दे.”

मी तिथून सरळ तालुका कोर्टात गेले. तिथं फुकट सल्ला मिळतो, हे मला बचत गटाच्या बैठकीत कळलं होतं. एक तरुण वकीलबाई बसल्या होत्या. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाल्या, “ताई, हे कलम सुप्रीम कोर्टानं रद्द करून कितीक वर्षं झाली.”

मेलेल्या कलमाला भिऊन मी गावासमोर नाक घासलं होतं.

त्यांनी समजावलं. खरं असेल आणि लोकांच्या भल्यासाठी लिहिलं असेल, तर ती बदनामी होत नाही. पण खरं असल्याचं दाखवावं लागतं. म्हणून एकही मेसेज पुसायचा नाही, फोन बदलायचा नाही, मेसेज-फोटोंचे छापील कागद काढून, ते याच फोनमधले आहेत असा सहीचा दाखला कोर्टात सोबत द्यायचा. बियाण्याची तक्रार कृषी कार्यालयात, धमकावून काढलेल्या व्हिडिओची पोलिसांत. दोन्ही अर्ज मी माझ्या हातानं लिहिले.

ठाण्यातले जमादार समजुतीनं बोलले. “बाई, मोठा माणूस हाये. आपसात मिटवून घ्या ना.”

“एकदा मिटवलं, तं गावभर फिरवलं मले. आता लिहून घ्या.”

दुपारभर बाकड्यावर बसवलं. नवऱ्याचे फोन येत होते, मी उचलले नाहीत. पोच हातात पडल्यावरच उठले.

मालकाच्या धाकानं अर्धी गिऱ्हाइकं तुटली. रोपं ट्रेमध्येच वाढून बसली, ती मी उपटून टाकली. वाईट वाटलं, खूप वाटलं. पण दुसऱ्या दिवशी नवं पाकीट आणलं आणि लॉट नंबरचा फोटो टाकला.

आता त्यानं बदनामीची खरी केस टाकली आहे, जिवंत कलमाची. तारीख लागली आहे. घरचे म्हणतात, अजूनही मिटव. मी मिटवणार नाही. मला कोर्टात उभं करून विचारतील, हे तूच लिहिलं का. माझं उत्तर तयार आहे.

“हाव, म्याच लिहिलं. बोगस बियाणं आलं तं उद्याबी लिहीन.”